आम्ही अडवणारा मागितला होता

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आई-वडिलांच्याही आधी आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाईंचं नाव घेतो. आई असती तर तिला राग आला नसता, तीही हेच म्हणाली असती. धाराशिव जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, तिथली जिल्हा परिषदेची शाळा, आणि त्या शाळेचा खो-खोचा संघ बाईंच्या हाताखाली. मी त्या संघात नव्हतो. मी जाडा होतो आणि पळताना मला माझेच पाय आडवे यायचे. पण चुन्याच्या रेघेबाहेर बसून बडबडायला कोणी बंदी केली नव्हती.

खो-खोमध्ये बचाव करणारे तिघातिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात. एका सामन्यात बाईंनी तिन्ही चपळ मुलं पहिल्याच तुकडीत घातली. मी शेजारच्या पोराला म्हणालो, "एक मागं ठेवायला पाहिजे होता. हे बाद झाले की पुढं सगळा भुसाच हाय." बाईंनी ऐकलं. मला वाटलं, आता शिट्टीची दोरी पाठीवर बसणार. पण त्या म्हणाल्या, "उद्यापासून माझ्याशेजारी बसायचं. जे वाटतं ते मला सांगायचं, आणि का वाटतं तेही सांगायचं. नुसतं 'असं पाहिजे होतं' चालणार नाही."

दहावीपर्यंत मी त्यांच्याशेजारी बसलो. न खेळता जिल्ह्याच्या सामन्यांना गेलो, गावाबाहेरचं जग पहिल्यांदा त्यामुळे पाहिलं. पुढे वडिलांनी मला दुकानात बसवायचं ठरवलं. एसटी स्टँडसमोर त्यांचं सायकलचं दुकान होतं. एका संध्याकाळी बाई दुकानात आल्या आणि बाकड्यावर बसल्या. वडील म्हणाले, "आमच्यात कुणी शिकलंय का बाई? शिकून करायचंय काय त्येनं?" बाई म्हणाल्या, "दुकान कुठं पळून जात नाही. पोराचं वय पळतंय." मग वडील गप्प बसले आणि बाईही गप्प बसल्या, पण उठल्या नाहीत. शेवटी वडिलांनीच चहा मागवला आणि "बरं, पाठवतो" म्हणाले. आधी डिप्लोमा झाला, मग नोकरी करत पदवी. आमच्या घराण्यातली ती पहिली. तिच्या जोरावर मी अबू धाबीला आलो आणि आज मुसाफ्या या कारखान्यांच्या भागातल्या एका फॅब्रिकेशन यार्डात प्लॅनिंगचं काम बघतो.

हे आधी सांगायचं कारण असं की मागच्या वर्षी माझ्या मुलीला कोणीतरी निवडायचं होतं, किंवा नाकारायचं होतं. आणि तिने त्या लोकांपुढे काय ठेवावं यावरून आमच्या घरात दोन पक्ष पडले होते.

आम्ही अबू धाबीतल्याच मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. मुलगी इथेच वाढली. ती नववीत असताना आमच्या गल्लीतल्या व्हिलातलं एक अमेरिकन कुटुंब देश सोडून निघालं. इथे माणसं निघाली की अख्खं घर दारात मांडतात. सोफा, मिक्सर, सायकली, कुंड्या, जे हवं ते उचला. बायको इस्त्रीचं टेबल बघायला गेली आणि मुलगी एक जर्सी घेऊन आली. अमेरिकन फुटबॉलची, उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड शहरातल्या व्यावसायिक संघाची.

"पंधरा दिरहम," बायको म्हणाली. "म्हणजे साडेतीनशे रुपये. आणि बाह्या बघा हिच्या, अजून एक मुलगी मावेल आत."

तो संघ आमचा झाला तो असा. लोक आपल्या गावाचा संघ धरतात, आम्ही जर्सी मिळाली तो धरला.

हा फुटबॉल पायाने फारसा खेळतच नाहीत, हे पटायलाच मला वेळ लागला. तरी मी तो शिकलो, कारण त्या वयात मुलगी माझ्याशी एकेका शब्दात बोलायला लागली होती. ओके. फाइन. नथिंग. सामन्याबद्दल विचारलं की मात्र तिचं तोंड बंद होत नसे. आम्ही घरात आमची नावं पाडली. चेंडू लांब फेकतो तो फेकणारा. चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसतो तो धावणारा. आणि समोरच्या संघाला पुढे येऊ देत नाहीत, ते दारासारखे दांडगे गडी म्हणजे अडवणारे. एवढ्यावर आमचं भागलं.

मला खरी गोडी लागली ती ड्राफ्टची. दर एप्रिलमध्ये अमेरिकेतले सगळे व्यावसायिक संघ कॉलेजात खेळणारी मुलं पाळीपाळीने निवडतात. गेल्या मोसमात जो शेवटी राहिला त्याची पाळी पहिली. तुमची पाळी येईपर्यंत तुम्हाला हवा असलेला गेलेला असतो. मग प्रश्न उरतो तो असा, की उरलेल्यांतला सगळ्यात चांगला घ्यायचा, की आपल्याकडे ज्याची उणीव आहे तो? बाईंच्या हाताखाली तयार झालेल्या माणसाला याहून चांगला खेळ कुठे मिळणार?

ड्राफ्टच्या आधीच्या शनिवारी आमच्याकडे बैठक बसते. बायको मिसळ करते. समोरच्या फ्लॅटमधले पुणेकर त्यांच्या मिसेसना घेऊन येतात. ते एका हॉस्पिटलच्या एचआरमध्ये आहेत, माणसं निवडणं हा त्यांचा धंदाच, म्हणून ते आमच्याकडे जरा आवाज चढवून बोलतात. प्रत्येकाने आपल्या संघासाठी एक खेळाडू सुचवायचा. नियम एकच आणि तो बायकोने घातलेला. ती इथल्या भारतीय शाळेत शिकवते, आणि मुलगी तिच्या प्रत्येक मराठी वाक्याला इंग्रजीत उत्तर देते, हे तिचं कायमचं दुखणं. म्हणून नाव कोणाचंही घ्या, कारण मराठीत द्यायचं.

"आई, 'पॅड लेव्हल'ला मराठीत काय म्हणतात?"

"ते असतं काय, ते सांग."

"म्हणजे... तो खूप सरळ उभा राहतो. वाकतच नाही. मग समोरचा त्याला खालून उचलतो."

"झालं की. हेच सांग."

पुणेकर म्हणाले, "हे तर आमच्याकडच्या निम्म्या अर्जदारांचं झालं. वाकत नाहीत आणि मग कोणीतरी उचलतं."

तीन मोसमांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी आमचा संघ सामना सुरू झाला की धो धो गुण करायचा आणि शेवटच्या भागात सगळे घालवायचा. आमचा फेकणारा उत्तम होता. पण शेवट आला की आमच्या अडवणाऱ्यांच्या फळीला खिंडार पडायचं, आणि समोरचे आठवडी बाजारात शिरावं तसे आत शिरायचे.

"हा संघ म्हणजे आमच्या सोसायटीची मीटिंग आहे," पुणेकर म्हणायचे. "सुरुवातीला ठराव, शेवटी कोरम नाही."

आमचे सामने बघण्याची पद्धत इथे सांगायला हवी. तिकडे रविवारची दुपार असते तेव्हा आमच्याकडे रात्र झालेली असते, आणि सोमवारी सकाळी मला यार्ड गाठायचं असतं. म्हणून आम्ही सोमवारी संध्याकाळी कापलेला सामना बघायचो. त्यात चेंडू एकदा खाली बसल्यापासून पुन्हा उचलला जाईपर्यंतचा सगळा वेळ काढून टाकलेला असतो. तीन तासांचा सामना पाऊण तासात होतो. मुलगी शारजाला कॉलेजात गेली, पुढे दुबईत देराच्या एका इन्शुरन्स ऑफिसात लागली, तिथल्याच करामा भागात मैत्रिणींबरोबर राहायला लागली, तरी सोमवारी ती तिकडे आणि आम्ही इकडे तोच कापलेला सामना लावायचो आणि फोन चालू ठेवायचो. आखातात राहणाऱ्या नोकरदार माणसाला याहून सोयीचं काही नाही. चहा, सामना, जेवण, झोप.

तर त्या एप्रिलमध्ये उणीव कशाची, याबद्दल शंकाच नव्हती. अडवणारा. मिसळ खाताना मी माझं कारण दिलं. गुण करायला आपल्याकडे माणसं आहेत, राखायला नाहीत, आणि भांड्याला भोक असताना नळ मोठा करून उपयोग नसतो. दक्षिणेकडच्या एका कॉलेजातला एक डोंगराएवढा मुलगा आमच्या पाळीपर्यंत उरेल असं मुलीने आधीच शोधलं होतं. सगळ्यांची मतं त्यालाच पडली. पुणेकरांच्या मिसेस, ज्यांना या खेळातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचं नाही, त्याही म्हणाल्या, "घ्या बाई तो जाडा. चेहरा गोड आहे."

ड्राफ्टचा निकाल आम्हाला शुक्रवारी सकाळी डबा भरताना कळतो. मुलीचा करामाहून फोन आला.

"बाबा, धावणारा."

"कोण?"

"आपण. आपण धावणारा घेतला."

"आणि तो आपला अडवणारा?"

"उरलेला होता. समोर होता. त्याला सोडून धावणारा घेतला."

बायको पोळीला तूप लावत होती. ती म्हणाली, "घर गळतंय आणि ह्यांनी झुंबर आणलं."

लिफ्टमध्ये पुणेकर भेटले. "काय हो, तुमच्या संघाने काय केलं हे? ह्यांच्यात घरी विचारायची पद्धत नाही का?" त्या दिवशी मुसाफ्याच्या वाटेवरचे सगळे सिग्नल मी रागात पार केले. मुलीने संध्याकाळी तिच्या इंग्रजी ब्लॉगवर एक कडक लेख लिहिला. त्यात माझं भोकाच्या भांड्याचं कारण जसंच्या तसं होतं. मी तो बायकोला मोठ्याने वाचून दाखवला.

पुढचा मोसम सुरू झाला आणि आमचा संघ जिंकायला लागला. अडवणारे तेच होते, एकही बदललेला नव्हता. आणि तेच गडी शेवटच्या भागात आता भिंतीसारखे उभे राहत होते. धावणारा बरा होता, पण फार नेत्रदीपक काही करत नव्हता. चेंडू घ्यायचा, गर्दीत घुसायचं, थोडं पुढे जाऊन पडायचं.

"नशीब असतं हो," पुणेकर म्हणाले. मीही तेच धरून बसलो.

मग डिसेंबरात इथल्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी आली. मुलगी घरी आली होती. दुपारी जेवणं झाल्यावर तिने आदल्या दिवशीचा सामना लावला, पण अख्खा, न कापलेला.

"अगं, कापलेला लाव की. एवढा वेळ कोण बघत बसणार?"

"यल्ला, चला बाबा, सुट्टी आहे आज. बसा ना."

मी बसलो आणि खरं सांगायचं तर पेंगायला लागलो. आमचा धावणारा पडायचा, मग बराच वेळ काहीच व्हायचं नाही, सगळे उठून कपडे झटकायचे, सावकाश गोलाकार जमायचे, पुन्हा तो धावायचा आणि पडायचा. मला वाटलं, कापतात ते बरोबरच कापतात.

"बाबा, बघा."

"काय झालं?"

"ते बसलेत."

"कोण?"

"आपले अडवणारे. बाकावर बघा."

कॅमेरा मैदानाच्या कडेला गेला होता. आमचे दांडगे गडी खांद्यावर टॉवेल टाकून ओळीने बसले होते. कोणी पाणी पीत होतं. एकाने बूट काढून मोजा नीट केला आणि बूट परत घातला. लग्नात पहिली पंगत उठल्यावर वाढपी बसतात, तसे ते निवांत होते.

"घड्याळ बघा आता," मुलगी म्हणाली. "चालूच आहे."

ते मला तिने समजावून सांगितलं, आणि नियमाला धरून मराठीत सांगितलं. फेकलेला चेंडू कोणी झेलला नाही आणि जमिनीवर पडला, तर सामन्याचं घड्याळ थांबतं. पण धावणाऱ्याला मैदानाच्या आत पाडलं, तर घड्याळ चालू राहतं. म्हणजे धावणारा जितका वेळ धावेल आणि पडेल तितका वेळ सरतो, चेंडू आपल्याकडेच राहतो, आणि चेंडू आपल्याकडे असेपर्यंत अडवणाऱ्यांचं मैदानात कामच नसतं, ते बाकावर श्वास घेतात. आदल्या वर्षी आमचं सगळं फेकणाऱ्यावर होतं. चेंडू फेकला, पडला, फेकला, पडला, चेंडू समोरच्यांकडे गेला, आणि घाम पुसायच्या आत आमचे अडवणारे परत मैदानात. ते कमजोर नव्हते, दमलेले होते. संघाने ते ओळखलं होतं. त्यांनी अडवणाऱ्यांना नवा सोबती दिला नाही, बसायला वेळ दिला.

आणि आम्ही काय पाहत होतो? कापलेला सामना. त्यात सगळे डाव एकाला एक चिकटलेले. त्यात बाक नसतो, टॉवेल नसतो, कोणी बसत नाही आणि कोणी दमत नाही. ज्या वेळात उत्तर होतं तेवढाच वेळ इतकी वर्षं आमच्या टीव्हीवर आलेला नव्हता.

मुलगी तेवढ्यावर थांबली नाही. आदल्या वर्षी आम्ही हरलेले सामने तिने शनिवार-रविवारी एकेक करून अख्खे पाहिले. तिच्या मैत्रिणी जुमेराला समुद्रावर गेल्या तरी ही खोलीत. मग तिने जुन्या लेखाच्या खाली नवा लेख लिहिला. आम्ही काय म्हणालो होतो, का म्हणालो होतो, आणि कुठे चुकलो. जुना लेख तिने पुसला नाही.

नव्या वर्षात तिला ती जागा दिसली. अमेरिकेतल्या एका व्यावसायिक संघाला खेळाडू पारखण्याच्या विभागात वर्षभरासाठी शिकाऊ माणसं हवी होती. अर्जाबरोबर एक लेख मागितला होता. कुठल्याही संघाचा तुम्हाला न पटलेला एखादा निर्णय घ्या आणि त्यावर लिहा. तिला हे किती हवं होतं ते मला फोनवरच कळलं, कारण पहिली चार वाक्यं ती आपणहून मराठीत बोलली.

शनिवारी ती घरी आली. पुणेकर चहाला आले होते.

"मी अडवणाऱ्याचा लेख पाठवतेय," ती म्हणाली.

"कुठला? तो चुकलेला?"

"दोन्ही. आधी चुकलेला, मग नवा."

"अगं, नोकरी मागायला जाताना माणूस चुकलेलं गणित घेऊन जातो का? ड्राफ्टला तू सुचवला होतास तो चेंडू झेलणारा पोरगा घे. तुझ्याशिवाय कोणी त्याचं नाव घेतलं नव्हतं आणि आज तो कुठे आहे बघ. तो लेख पाठव."

"तो बरोबर आला, बाबा."

"मग तेच म्हणतोय मी!"

पुणेकर म्हणाले, "आणि हा संघ कोणता आहे माहितीये का? आपल्याच गटातला. दर वर्षी दोनदा आपल्याला मारतो. पोरगी शत्रूच्या गोटात चाललीय."

"पगार देतो तो आपला संघ," बायको आतून म्हणाली.

मी मुद्दा सोडला नाही. "तू त्यात सरळ लिहिलंयस की आम्ही सहा वर्षं कापलेले सामने बघत होतो. वाचणारा काय म्हणेल? हिने खेळ अख्खा पाहिलेलासुद्धा नाही."

"पाहिला नव्हता. दॅट्स द पॉइंट, बाबा."

"कारण मराठीत!" आतून आवाज आला.

मुलगी थांबली. तिला शब्द शोधावे लागतात तेव्हा ती डोळे बारीक करते. मग म्हणाली, "सगळे बरोबर आलेलं पाठवणार. बरोबर तर नशिबानेही येतं. माझं चुकलं, आणि का चुकलं ते मी शोधलं. ते नशिबाने येत नाही."

पुणेकरांनी कप खाली ठेवला. "हिला मी आत्ता घेतो," ते म्हणाले. "पण माझ्याकडे जागा नाही."

मला मात्र पटलं नाही. गावच्या शाळेतून आलेल्या माणसाला एक सवय असते. आपल्याकडे काय नाही ते समोरच्याला दिसू द्यायचं नाही. मीटिंगमध्ये न कळलेला शब्द मनात धरायचा आणि घरी येऊन बघायचा. त्या सवयीने मला वीस वर्षं परदेशात सांभाळलं, तिला मी नावं ठेवणार नाही. आणि ही पोरगी, जिला सगळं मिळालं, ती आपल्याकडे काय नव्हतं ते पहिल्याच पानावर लिहून देत होती. मी तिला पुन्हा एकदा फोन करून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि तिला पाठवायचं तेच पाठवलं.

मुलाखतीचं बोलावणं आलं. व्हिडिओवर, आमच्या संध्याकाळी, त्यांच्या सकाळी. करामात मैत्रिणींचा गलका असतो म्हणून ती आमच्याकडे आली आणि डायनिंग टेबलाशी बसली. आम्हा दोघांना स्वयंपाकघरात राहायची परवानगी होती. बायकोने एक्झॉस्टचा पंखा बंद केला. मी दार लोटलं, पण अगदी लावलं नाही.

एक वयस्क पुरुषाचा आवाज होता आणि एक स्त्रीचा. बोलणं अर्थात इंग्रजीत चाललं होतं.

"या लेखात सारखं 'आम्ही' येतं," वयस्क आवाज म्हणाला. "हे आम्ही कोण?"

"माझे वडील, माझी आई आणि समोरचे काका."

"ते फुटबॉलमध्ये आहेत?"

"वडील यार्डात कामांचं नियोजन करतात. आई शिक्षिका आहे. काका हॉस्पिटलात माणसं नेमतात."

दोघेही हसले. मग त्या स्त्रीने विचारलं, "अडवणाराच हवा, असा सगळ्यात जास्त आग्रह कोणाचा होता?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी ओट्याला धरून उभा होतो.

"वडिलांचा," मुलगी म्हणाली. "आणि त्यांचं कारण चांगलं होतं. समोर जेवढं दिसत होतं त्यातून तेच निघत होतं. आपल्याला काय दिसत नाही, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. मीही नाही."

"आता तुम्ही अख्खे सामने बघता?"

"हो. वडीलही बघतात. मध्ये झोपतात."

बायकोने पदर तोंडात धरला.

मग त्या वयस्क माणसाने त्यांच्याच संघातल्या एका मुलाचं नाव घेतलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी त्याला निवडलं होतं. "आमचा निर्णय बरोबर होता का?"

हा मुलगा मला माहीत होता. आम्ही त्याच्यावर मिसळीच्या दोन प्लेटा भांडलो होतो. तिला त्याच्याबद्दल वाट्टेल तेवढं बोलता आलं असतं. मी मनात म्हणालो, बोल, चांगलं होतं म्हण, त्यांना बरं वाटेल.

"मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "याचे मी अजून फक्त कापलेले सामने पाहिलेत."

मी डोळे मिटले. गेलं, असं मला वाटलं. आणि त्याच वेळी माझी छाती इतकी भरून आली की बायकोने हळूच विचारलं, "पाणी देऊ का?" एवढ्या मोठ्या माणसांसमोर, एवढी हवी असलेली गोष्ट हाताच्या अंतरावर असताना, आवाज न हलवता "मला माहीत नाही" म्हणणारं आमच्या घरात आजवर कोणी झालं नव्हतं. ते मला वीस वर्षांत एकदाही जमलेलं नाही.

"ठीक आहे," वयस्क आवाज म्हणाला. "पुढे जाऊ."

संपल्यावर ती आत आली. "बाबा, ऐकलंत?"

"नाही."

"ऐकलंत."

"मी झोपतो एवढंच ऐकलं."

उत्तर आलं ते एका कामाच्या दुपारी. मी यार्डात होतो, डोक्यावर क्रेन फिरत होती. फोनवर ती म्हणाली, "बाबा, झालं." मी ओरडून विचारलं, काय झालं? "सिलेक्शन! घेतलं मला!" माझ्याशेजारी आमचा सुदानी स्टोअरकीपर उभा होता. माझा चेहरा बघून तो घाबरला. "हबीबी, सगळं ठीक ना?" इथे राहून त्याला हिंदी येते, म्हणून मी हिंदीत सांगितलं की माझी मुलगी निवडली गेली. कशासाठी, हे त्याने विचारलंच नाही. माझा हात दोन्ही हातांत धरून तो "मबरूक, मबरूक" म्हणत अभिनंदन करत राहिला.

घरी आल्यावर तिने पाठवलेलं पत्र आम्ही नीट वाचलं. त्यात तिचं काम लिहिलं होतं. रात्री जेवायच्या आधी मी कागद घेऊन बसलो. बाई आता गावातच एकट्या राहतात. त्यांच्याकडे साधा फोन आहे, पण त्यावर त्या मोठ्याने आणि घाईत बोलतात. कागदावर लिहिलेलं त्या सावकाश वाचतात, म्हणून त्यांना मी दिवाळीला आणि शाळा उघडताना पत्र लिहितो. या वेळी सण नव्हता, शाळाही उघडत नव्हती.

बाई,

पायांवर डोकं ठेवून लिहितो. इकडे आम्ही तिघं बरे आहोत. तुमच्या गुडघ्याचं पुण्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळवा. काठी वापरा म्हणाले असतील तर वापरा, तुम्ही ऐकणार नाही हे मला ठाऊक आहे.

एक बातमी आहे. आमची मुलगी अमेरिकेला चालली आहे, वर्षभरासाठी. तिकडचा एक फुटबॉलचा संघ आहे, मोठा, पगारी खेळाडूंचा. त्यांच्याकडे नवी मुलं पारखायच्या कामावर तिला घेतलं आहे. तिला खेळायचं नाही, बघायचं आहे. मोठ्या कॉलेजातल्या मुलांना बघायला त्यांच्याकडे पुष्कळ माणसं आहेत. हिला लहान गावांतली कॉलेजं दिली आहेत, जिथे सहसा कोणी बघायला जात नाही. तिथले सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचे आणि एखादा मुलगा चांगला वाटला तर का वाटला ते लिहून कळवायचं. बाई, हे काम किती मोठं आहे ते इथे मी कोणाला समजावू शकलो नाही. तुम्हाला समजवायची गरज नाही.

अर्ज करताना मी तिला एक सल्ला दिला होता. तिने तो ऐकला नाही. बरं झालं.

व्हिसा अजून हातात यायचा आहे. इथली माणसं इन्शाल्ला म्हणतात, आता मीही म्हणतो. जूनमध्ये ती गावी येईल आणि दोन दिवस तुमच्याकडे राहील. तिचं मराठी मध्ये मध्ये अडखळतं, घाई करू नका, ती बरोबर शब्द शोधते. तिखट खाते. सकाळी लवकर उठत नाही, तुमच्याकडे उठेल.

मला तिचा फार अभिमान वाटतो. हे मी तिला अजून बोलून दाखवलेलं नाही, समोर आली की माझ्याकडून नको ते दुसरंच काहीतरी बोललं जातं. ती आली की तुम्हीच तिला सांगा.